काम चालू असता केर काढणे

संगणकाच्या पोटातील केरकचरा हा विषय घेऊन कामगार संघटनेतला माणूस वसंत व्याख्यानमालेत उभा राहतो, याचे पुष्कळांना नवल वाटेल. विषय जाहीर झाला तेव्हा काही मित्रांनी गृहीतच धरले की, नगरपालिकेच्या सफाई कामगारांचे गाऱ्हाणे आम्ही मांडणार. ते मांडण्याजोगे आहेच आणि इतरत्र आम्ही मांडतोही. परंतु आज ज्या केराविषयी बोलावयाचे तो डोळ्यांना दिसत नाही, नाकाला जाणवत नाही; तरीही तो वेळच्या वेळी निघाला नाही तर बँकेचा हिशेब, रेल्वेचे आरक्षण आणि महिन्याचे पगारपत्रक ही सारी अडून बसतात. शिवाय या केराच्या व्यवस्थेत एक वाद साठाहून अधिक वर्षे चालू आहे, आणि तो आमच्या चांगल्या ओळखीचा आहे. केर काढताना काम कोणाचे थांबवायचे, आणि त्याचा भुर्दंड कोणी सोसायचा?

प्रथम केर म्हणजे काय ते पाहू. प्रोग्रॅम चालू असताना संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे मेमरीत, क्षणोक्षणी लहानमोठ्या वस्तू तयार होतात. पगारपत्रकाचा प्रोग्रॅम घ्या. कामगाराचे नाव ही एक वस्तू, त्याच्या हजेरीची यादी ही दुसरी, भत्ता मिळवून आलेला आकडा ही तिसरी. प्रत्येकीला मेमरीत जागा लागते, जणू गोदामातला एक खण. त्या कामगाराचा हिशेब संपला की यांतल्या बहुतेक वस्तू निकामी होतात, पण खण अडलेलाच राहतो. हाच तो केर. सी नावाच्या जुन्या आणि अजूनही फार चालणाऱ्या भाषेत खण रिकामा करण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावरच असते. तो विसरला तर गोदाम भरत जाते. उलट घाई करून त्याने कोणी वापरत असलेलाच खण रिकामा केला, तर त्यात दुसऱ्याच कोणाचा माल येऊन पडतो, आणि पहिला माणूस तो आपलाच समजून उचलतो. पहिल्या चुकीने प्रोग्रॅम मंदावतो. दुसरीने तो कोलमडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे न कोलमडता खोटा आकडा सांगत राहतो.

अमेरिकेत एम. आय. टी. या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी लिस्प ही भाषा रचली, तेव्हा हे ओझे त्यांनी माणसाच्या डोक्यावरून उतरवून यंत्रावर टाकले. त्यांची रीत १९६० साली छापून प्रसिद्ध झाली. मोकळे खण संपले की काम थांबवायचे. प्रोग्रॅमच्या थेट हाताशी ज्या वस्तू आहेत तेथून निघायचे. त्या ज्यांच्याकडे बोट दाखवतात त्यांवर खूण करायची, मग त्या जिकडे बोट दाखवतात त्यांवर, असे पोहोचता येईल तितके जायचे. ज्यांवर खूण राहिली नाही तो केर. या रीतीतली अडचण खुद्द मॅकार्थी यांनाच एका जाहीर प्रयोगात भेटली. पाहुण्यांपुढे लिस्प चालवून दाखवीत असता मेमरी भरली आणि दर सेकंदास दहा अक्षरे टंकणारे यंत्र, आता केर काढणाऱ्यास बोलावले असून त्याची मनोरंजक आकडेवारी पुढे देत आहोत, असे संथपणे लिहू लागले. पाहुणे हसले, आणि तेवढ्यात प्रयोगाची वेळ संपली. ही हकीकत मॅकार्थी यांनीच पुढे लिहून ठेवली आहे.

त्याच १९६० साली जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी रीत सुचवली. प्रत्येक वस्तूवर एक आकडा लिहून ठेवायचा, तिला किती जणांनी धरले आहे त्याचा. कोणी नवीन धरले की एक वाढवायचा, सोडले की एक कमी करायचा. शून्य झाला की खण तत्काळ मोकळा. येथे सर्व काम थांबवण्याचा प्रश्नच येत नाही. केर रोजच्या रोज, ज्याचा त्याने काढायचा. पण या हिशेबात एक फट आहे, ती १९६३ साली हॅरल्ड मॅकबेथ यांनी दाखवून दिली. दोन वस्तू एकमेकींना धरून बसल्या आणि बाहेरचे कोणीच त्यांना ओळखत नसले, तरी दोघींवरचा आकडा एकच्या खाली येत नाही. दोन इसम परस्परांचे जामीन राहावेत आणि गावात तिसरा कोणी त्यांना ओळखू नये, तसलाच हा प्रकार. अशा जोड्या मोजणीने कधीच सुटत नाहीत.

पुढचे सारे आम्ही पायथन या एका भाषेच्या उदाहरणाने सांगणार आहोत. ॲमस्टरडॅमच्या सी. डब्ल्यू. आय. या संशोधनसंस्थेत असताना गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात तिची सुरुवात केली आणि १९९१ साली ती लोकांच्या हाती दिली. आज शाळकरी मुलांपासून शास्त्रज्ञांपर्यंत तिचा वापर आहे. पायथनचा प्रोग्रॅम यंत्राला थेट कळत नाही. मध्ये एक इंटरप्रिटर, म्हणजे दुभाष्या, बसलेला असतो. तो एकेक सूचना वाचतो आणि यंत्राकडून करवून घेतो. हा दुभाष्या स्वतः सी भाषेत लिहिलेला आहे, आणि केराची व्यवस्थाही त्याच्याकडेच. त्याने कॉलिन्सची मोजणी पत्करली. निवड शहाणपणाची होती. मोजणी समजायला सोपी, केर तिथल्या तिथे निघतो, आणि सीमध्ये लिहिलेली परकी साधने पायथनला जोडायची तर त्या साधनाच्या लेखकाला एवढाच नियम पाळायचा: धरलेस तर एक मिळव, सोडलेस तर एक वजा कर. पायथनची भरभराट या जोडसाधनांवर झाली आहे, हे पुढे लागेल म्हणून ध्यानात ठेवावे. एकमेकांचे जामीन राहिलेल्या जोड्यांसाठी २००० साली, पायथन २.० मध्ये, नील शेमेनॉअर यांनी केलेला वेगळा शोधक बसवण्यात आला.

आता धागे. एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक कामे एकाच वेळी चालवायची सोय असते, तिला थ्रेड म्हणजे धागा म्हणतात. गिरणगावातल्या माणसाला हा शब्द समजावून द्यावा लागू नये. मात्र येथील सर्व धाग्यांचे गोदाम एकच असते. मोजणीची खरी परीक्षा तेथेच होते.

समजा, एका वस्तूवर २ हा आकडा आहे. पहिला धागा ती धरू पाहतो. तो आकडा वाचतो, मनात एक मिळवतो आणि ३ लिहितो. पण वाचणे आणि लिहिणे यांच्यामध्ये जो निमिष आहे त्यातच दुसऱ्या धाग्यानेही २ वाचले आणि ३ लिहिले. धरणारे चार झाले आणि वहीत तीन. पुढे तिघे सोडून गेले की आकडा शून्य, खण रिकामा; आणि चौथा अजून त्यातल्या मालाला हात लावून उभा आहे. ही चूक रोज घडत नाही. हजारदा नीट चालते आणि एखाद्या दिवशी, कोणताही बदल केलेला नसताना, बिघडते. शोधायला बसावे तर पुन्हा नीट चालते. यंत्रावर काम करणाऱ्याला असल्या बिघाडाइतका मनस्ताप दुसऱ्या कशाने होत नाही.

१९९२ साली पायथनमध्ये धागे आले तेव्हा या धोक्यावर जो उपाय केला तो एका किल्लीचा. दुभाष्याच्या खोलीला एकच किल्ली. ज्या धाग्याच्या हाती ती, त्यानेच सूचना चालवायच्या, बाकीच्यांनी दाराबाहेर थांबायचे. हिचे नाव ग्लोबल इंटरप्रिटर लॉक. काम करणारा धागा थोड्या वेळाने किल्ली खाली ठेवतो (पायथन ३.२ पासून ही मुदत साधारण ५ मिलीसेकंदांची आहे), आणि बाहेरून निरोप यायची वाट पाहत बसायचे असेल तर ताबडतोब ठेवतो. पुढच्या काळात या किल्लीला पुष्कळांनी नावे ठेवली. आम्हांला ती टीका एकतर्फी वाटते. १९९२ साली सामान्य संगणकात काम करणारा गाभा, म्हणजे कोअर, एकच असे. करणारा हात एकच, तर किल्ली एक असण्यात कोणाचे काय गेले? मोजणी बिनचूक झाली, जोडसाधने लिहिणाऱ्यांना कुलपांचा विचार करावा लागला नाही, आणि एकट्याने चालणाऱ्या प्रोग्रॅमला काहीही जादा मोजावे लागले नाही.

२००५ च्या सुमारास घरगुती संगणकांतही एकाच्या जागी दोन गाभे आले, मग चार, मग आठ. तेव्हा किल्ली सलू लागली. आठ हात, आणि दुभाष्याच्या खोलीत एका वेळी एकच.

मग किल्ली काढून का टाकली नाही? हा प्रयत्न फार पूर्वीच झाला होता. पायथन १.५ च्या काळात ग्रेग स्टाइन यांनी किल्ली काढून, प्रत्येक नाजूक जागेला वेगवेगळे लहान कुलूप लावून दाखवले. काम बिनचूक चालले. पण धागा एकच असेल तर प्रोग्रॅमला जवळजवळ दुप्पट वेळ लागू लागला. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. आकडा वाचणे, वाढवणे आणि लिहिणे ही तिन्ही कामे मध्ये कोणाला शिरू न देता एका दमात करण्याची सोय यंत्रात असते, पण ती साध्या बेरजेपेक्षा कितीतरी महाग पडते. त्यातून प्रत्येक गाभ्याला स्वतःची छोटी जलद मेमरी असते. आकडा बदलायचा तर तो भाग आधी आपल्या एकट्याच्या ताब्यात आणावा लागतो. आठ खात्यांना मिळून एकच हजेरीबुक असावे आणि प्रत्येक सहीसाठी शिपायाने ते या खात्यातून त्या खात्यात पळवत न्यावे, तशी गत होते. आणि दुभाष्या तर प्रत्येक पावलाला धरतो आणि सोडतो. सेकंदाला कोट्यवधी वेळा.

२००७ साली व्हान रॉसम यांनी आपली भूमिका उघड लिहिली: किल्ली काढणारी सुधारणा आणा, आनंद आहे, परंतु एका धाग्याच्या प्रोग्रॅमचा वेग त्यापायी कमी होता कामा नये. अनेकांना हा हटवाद वाटला. आम्हांला त्यात एका प्रामाणिक व्यवहारी माणसाचा विचार दिसतो. पायथनचे बहुसंख्य प्रोग्रॅम एकट्या धाग्याचे होते. आठ गाभ्यांच्या यंत्रावर मोठी गणिते करणाऱ्या थोड्यांच्या सोयीसाठी या सर्वांनी प्रत्येक सूचनेमागे कर द्यावा, हे न्याय्य कसे? वेतनाच्या वाटाघाटीत आम्ही नेमके हेच विचारतो, की सुधारणेचा लाभ एकाला आणि खर्च दुसऱ्याला असे तर होत नाही ना.

कोणी म्हणेल, मोजणीच सोडून मॅकार्थीच्या वाटेने का गेले नाहीत? त्या वाटेवर पुष्कळ प्रगती झाली होती. १९७८ साली डेक्स्ट्रा, लॅम्पोर्ट आणि त्यांचे तीन सहकारी यांनी काम न थांबवता केर काढण्याची रीत प्रसिद्ध केली. वस्तूंना पांढरा, करडा आणि काळा असे तीन रंग; पांढरी म्हणजे अजून न गाठलेली, करडी म्हणजे गाठली पण तिच्या पुढचे पाहायचे राहिले, काळी म्हणजे पुरी पाहून झालेली. काम करणाऱ्याने नवीन संबंध जोडला की त्याने स्वतःच त्या वस्तूला करडा रंग लावायचा, म्हणजे केर काढणाऱ्याच्या नजरेतून ती सुटत नाही. या निबंधात केर काढणाऱ्याला कलेक्टर म्हटले आहे, आणि खरे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला म्युटेटर, म्हणजे फेरफार करणारा! केर काढणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर बाकीचे सारे काम म्हणजे केवळ त्याच्या खुणांची मोडतोड. मालकांच्या काही अहवालांत कामगारांचे वर्णन साधारण याच दृष्टीने केलेले असते. असो. जावासारख्या भाषांनी खुणांची ही वाट धरली, तिथले केर काढणारे वस्तू एका खणातून दुसऱ्या खणात हलवून गोदाम नीट लावूनही ठेवतात. पायथनला ते जमणे कठीण, कारण मघाशी सांगितलेली जोडसाधने. त्यांनी वस्तूंचे पत्ते आपल्यापाशी टिपून ठेवलेले असतात. पोस्टमनला न सांगता घरे हलवली तर पत्रे कोणाकडे जातील? ती सर्व साधने नव्याने लिहायची म्हणजे हजारो लोकांची अनेक वर्षांची मेहनत मोडीत काढायची.

तेव्हा मोजणी ठेवूनच ती स्वस्त करणे, एवढाच मार्ग उरला. २०१६ साली लॅरी हेस्टिंग्ज यांनी तसा एक प्रयत्न मांडला. किल्ली निघाली, पण वेग फार घसरला. २०१८ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या जिहो चोई, थॉमस शल आणि जोसेप टोरेलास यांनी एक कल्पना प्रसिद्ध केली, आणि मेटा कंपनीत असलेल्या सॅम ग्रॉस यांनी ती पायथनला लावून २०२१ मध्ये किल्लीशिवाय चालणारा दुभाष्या तयार केला.

कल्पनेचा पाया एका साध्या निरीक्षणात आहे. बहुतेक वस्तू ज्या धाग्याने घडवल्या त्याच्याच हातात जन्मतात आणि तेथेच निकामी होतात. दुसऱ्या धाग्याच्या दृष्टीससुद्धा त्या पडत नाहीत. मग सर्वांसाठी महाग हिशेब कशाला? प्रत्येक वस्तूवर मालक धाग्याचे नाव लिहा आणि आकडे दोन ठेवा. एक मालकाची खाजगी वही. तीत तो एकटाच लिहितो, म्हणून साधी, स्वस्त बेरीज पुरते. दुसरी सामाईक वही. तीत इतर धागे लिहितात, आणि तेथे ती एका दमात करायची महाग रीत वापरावी लागते. मालकाच्या खाजगी वहीतला आकडा शून्यावर आला की तो दोन्ही वह्यांची बेरीज करतो. तीही शून्य असली तर खण मोकळा. येथे एक मौज होते. मालकाने धरलेली वस्तू सामाईक यादीत ठेवली आणि ती तेथून दुसऱ्याने काढून टाकली, तर मिळवले एका वहीत आणि वजा झाले दुसऱ्या वहीत. सामाईक आकडा शून्याच्याही खाली जातो. तसे झाले की तो दुसरा धागा ती वस्तू मालकाच्या रांगेत लावून देतो, आणि मालक आपल्या सवडीने दोन्ही वह्या जुळवतो. कोणाला कोणासाठी तिष्ठत बसावे लागत नाही.

काही वस्तू मात्र सगळ्यांच्याच. काहीही नाही याची निशाणी असलेली वस्तू, खरे आणि खोटे या दोन वस्तू, लहान पूर्णांक, यांना प्रत्येक धागा सतत हात लावतो आणि त्या कधीच निकामी होत नाहीत. त्यांची मोजणी करणे म्हणजे समुद्राचे पाणी मापाने मोजणे. २०२३ च्या पायथन ३.१२ मध्येच त्यांना अमर ठरवून त्यांवरचा आकडा गोठवला गेला.

सर्वांत नाजूक जागा आणखी पुढे आहे. एक धागा यादीतली वस्तू पाहतो आणि धरण्यासाठी हात पुढे करतो. हात पोहोचण्याच्या आत दुसऱ्याने ती यादीतून काढली, आकडा शून्य झाला, खण मोकळा झाला. मोजणी कितीही बिनचूक असली तरी ही ठेच लागतेच, कारण पहिल्याने अजून काही नोंदलेलेच नाही. प्रत्येक वाचनाला कुलूप लावले तर पुन्हा जुना भुर्दंड. म्हणून येथे धाडसाने हात घालायचा, आकडा शून्य नसेल तरच एक मिळवायचा, आणि यादीत अजून तीच वस्तू आहे का हे पुन्हा पाहायचे. नसेल तर सोडून देऊन कुलपाच्या सावकाश वाटेने जायचे. पण मोकळ्या झालेल्या खणात तेवढ्यात भलताच माल आला असेल तर आकडा वाचणेच धोक्याचे. यासाठी गोदामाची व्यवस्थाच बदलली: त्या क्षणी वाचत असणारे सर्व धागे पुढे सरकल्याची खात्री होईपर्यंत मोकळी जागा दुसऱ्या प्रकारच्या मालाला द्यायची नाही.

राहिला परस्परांच्या जामीनदारांचा शोध. त्यासाठी शोधक प्रत्येक वस्तूचा आकडा उतरवून घेतो, आणि तपासातल्या वस्तूंनी एकमेकींना जितके धरले असेल तितके त्यातून वजा करतो. ज्यांचा आकडा उरला त्यांना बाहेरून कोणीतरी धरले आहे. त्या आणि त्यांच्यापासून पोहोचता येईल त्या जिवंत, बाकी केर. हा तपास चालू असता आकडे हलता कामा नयेत. पूर्वी शोधकाच्याच हाती किल्ली असल्याने इतर आपोआप थांबलेले असत. आता किल्ली नाही, तेव्हा सर्वांना थांबण्याची विनंती करावी लागते. प्रत्येक धागा सूचनांच्या मधल्या ठरावीक ठिकाणी थांबण्याचा निरोप आहे का ते पाहतो आणि असल्यास थांबतो. जो बाहेरच्या निरोपाची वाट पाहत आहे तो खोलीबाहेरच धरला जातो. त्याच्यासाठी थांबायचे कारण नाही, फक्त परतताना त्याला दारात अडवायचे. म्हणजे मॅकार्थीचे थांबणे पुरते टळलेले नाही. एका फेरीत दोनदा थांबावे लागते: एकदा केर ओळखायला, आणि दुसऱ्यांदा, टाकण्याआधीची निरवानिरव करताना एखादी वस्तू पुन्हा कोणी उचलली तर नाही ना, हे पाहायला. आमच्या मते ही तडजोड योग्य आहे. बहुतेक केर मोजणीने तिथल्या तिथे निघतो; सगळ्यांना थांबवायचे ते केवळ जे त्यातून सुटले त्यासाठी.

ग्रॉस यांचा हा आराखडा पेप ७०३ या क्रमांकाने जानेवारी २०२३ मध्ये मांडला गेला आणि पायथनच्या सुकाणू समितीने त्याच वर्षी ऑक्टोबरात तो मान्य केला. उपद्रव फार झाला तर मागे घेता येईल, ही अट घालून. तो मान्य झाल्यास तीन अभियंत्यांच्या वर्षभराच्या श्रमाइतके बळ देण्याची तयारी मेटा कंपनीने दाखवली होती. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये किल्लीशिवायची बांधणी प्रयोग म्हणून निघाली. तीत एकट्या धाग्याचा वेग बराच घटला होता, कारण जलद चालण्याच्या काही युक्त्या तीत तूर्त बंद ठेवल्या होत्या. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये ती अधिकृत झाली आणि घट साधारण ५ ते १० टक्क्यांवर आली. व्हान रॉसम यांची २००७ ची अट अक्षरशः पुरी झाली असे म्हणता येत नाही. म्हणूनच ३.१४ मध्येही ही बांधणी सर्वांवर लादलेली नाही. किल्लीची बांधणीच नेहमीची, आणि ज्याला आठही हात हवे असतील त्याने दुसरी मागून घ्यावी, अशी योजना आहे.

जोडसाधनांची गोष्ट अजून संपायची आहे. किल्ली आहे असे धरून लिहिलेले साधन किल्लीशिवाय सुरक्षित आहे की नाही, हे त्याच्या लेखकाने तपासून तसे जाहीर करायचे असते. जाहीर न केलेले एखादे साधन प्रोग्रॅमने आत घेतले, तर दुभाष्या तशी सूचना छापतो आणि त्या प्रोग्रॅमपुरती किल्ली पुन्हा सुरू करतो, सर्व धाग्यांसाठी. ज्याला हे नको असेल त्याला आपल्या जबाबदारीवर ती बंद ठेवण्याची सोय आहे, आणि किल्ली या क्षणी चालू आहे की नाही हे दुभाष्याला विचारताही येते.